ईडीपीवाला

फोन उचलला की ईडीपीवाला ‘हॅलो’ म्हणत नाही. ‘कुणाच्या लॉगिनवर बसलाय?’ असं विचारतो. पलीकडे जत शाखेचा क्लार्क असो, सरव्यवस्थापक असोत की पत्ता विचारणारा कुरिअरवाला असो, पहिला प्रश्न तोच. घरीही तो असाच फोन उचलतो अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे, आणि वहिनी उगाच बोलत असतील असं मला वाटत नाही.

कुठल्याही नागरी सहकारी बँकेत जा, हा माणूस तुम्हाला भेटेल. बाकीच्या जगात कॉम्प्युटर खात्याचं आयटी झालं, आमच्याकडे ते अजून ईडीपीच आहे. मुख्य कार्यालयाच्या जिन्याखाली, बाद झालेल्या लेजरांच्या कपाटापलीकडे त्याची खोली. बँकेत अखंड एसी दोघांनाच मिळतो, चेअरमनना आणि सर्व्हरला. त्यामुळे मे महिन्यात सांगली भाजून निघत असताना हा स्वेटर घालून बसलेला असतो आणि अर्ध्या बँकेला अचानक ईडीपीत काहीतरी काम निघतं. कामाशिवाय कुणी आत आलं की तो स्क्रीन लॉक करतो. काम घेऊन आलं तरी करतो. एकदा शिपाईमामा चहा ठेवायला वाकले तेव्हाही त्यानं लगबगीनं स्क्रीन लॉक केली. मामांनी काही न बोलता चहा परत नेला.

तुमचं काम नेमकं काय, असं विचारलं तर तो म्हणतो, ‘कुणाला काय करता येऊ नये ते बघायचं.’ यात गंमत नाही. बँकेच्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरांवर कोणता प्रोग्राम कुणी चालवायचा, कुणी नाही, नवीन काही टाकायचा हक्क कुणाला, याचे नियम तो मुख्य सर्व्हरवर लिहितो आणि ते गावोगावच्या शाखांत आपोआप पोचतात. पोचायला मात्र वेळ लागतो. प्रत्येक कॉम्प्युटर दर दीड तासानं ‘नवीन काही आहे का’ असं सर्व्हरला विचारतो, आणि सगळ्यांनी एकाच वेळी विचारून सर्व्हरचा जीव घेऊ नये म्हणून त्यात शून्य ते तीस मिनिटांची भर घातलेली असते. ही भर कधी किती असेल ते कुणी सांगू शकत नाही. ही मायक्रोसॉफ्टनं घालून दिलेली रीत. पण ‘दीड तासानं बघा, नाहीतर दोन तासांनी’ हे फोनवर ऐकलं की शाखेची खात्रीच पटते, साहेब टोलवताहेत.

एके काळी आमच्या बँकेत जो तो आपापल्या कॉम्प्युटरचा ॲडमिन होता. एक्सपीच्या दिवसांत सगळीकडे हेच चालायचं. मग व्हिस्टा आलं, पडदा काळवंडून ‘परवानगी देता का?’ अशी चौकट पुढे येऊ लागली, आणि आमची माणसं चौकट न वाचता ‘येस’ दाबायला शिकली. चौकट पूर्ण दिसायच्या आत दाबणारे काही कसबी लोक अजून नोकरीत आहेत.

ईडीपीवाला पालटला तो २०१७ च्या जूनमध्ये. त्या महिन्याच्या २७ तारखेला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचं प्रकरण सुटलं, आणि त्याच्या झळेनं आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. या व्हायरसची एक खोड अशी होती की एका कॉम्प्युटरवर शिरायचं, मेमरीत एखाद्या ॲडमिनचा पासवर्ड पडलेला सापडला तर तो उचलायचा आणि त्याच्या जोरावर राजरोस पुढच्या कॉम्प्युटरवर जायचं. ते टर्मिनल ज्यांच्याकडे होतं त्या मर्स्क समूहाचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण कुठे लॉगिन करू शकतो याचा हिशेब ठेवणारे सर्व्हर, सगळे गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती. हे सांगताना त्याचा गळा दाटून येतो. लोडशेडिंगबद्दल चांगलं बोलणारा सांगली जिल्ह्यात तेव्हापासून तो एकटाच आहे.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरट्यांनी ९४ कोटी रुपये लांबवले. ऑक्टोबरमध्ये नागरी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं सायबर सुरक्षेचं परिपत्रक आलं. संचालक मंडळानं त्याला वर बोलावून विचारलं, ‘आपल्याकडे काय व्यवस्था आहे?’ हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यानं त्याच बैठकीत ‘सर्व कॉम्प्युटरांवरील ॲडमिन हक्क काढून घेणे’ असा ठराव एकमतानं मंजूर करून घेतला. एकमत झालं, कारण हक्क जाणार ते दुसऱ्याचे अशी प्रत्येक संचालकाची समजूत होती.

हक्क काढले म्हणजे अर्धंच काम झालं. ॲडमिन नसलेला क्लार्कही पेनड्राइव्हवरून एखादा प्रोग्राम आणून चालवू शकतोच. त्याला इन्स्टॉल करायची गरजही नसते. म्हणून ॲपलॉकर. २००९ मध्ये विंडोज सेव्हनबरोबर आलेलं हे साधन. कोणते प्रोग्राम चालू द्यायचे याची यादी करायची, यादीबाहेरचं सगळं बंद. पण प्रोग्राम ओळखायचा कसा? नव्या क्लार्कांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. ‘आपण खातेदार कशावरून ओळखतो? सहीवरून, पत्त्यावरून, नाहीतर अंगठ्यावरून. प्रोग्रामचंही केवायसी तेच.’ सही म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही. पत्ता म्हणजे तो कोणत्या फोल्डरातून चालतोय. आणि अंगठा म्हणजे हॅश, फाइलीतून काढलेला एक लांबलचक आकडा, जो आत एक अक्षर हललं तरी सगळाच्या सगळा बदलतो. अंगठा सगळ्यांत पक्का, पण अपडेट आलं की प्रोग्रामचा अंगठाच बदलतो आणि कालचा ओळखीचा खातेदार आज दाराबाहेर उभा. सही चांगली, पण आमच्या गावाकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सही करायचं कधी मनावर घेतलेलं नाही. राहता राहिला पत्ता. तो सोपा आणि म्हणूनच कच्चा, कारण त्या फोल्डरात क्लार्कला फाइल ठेवता येत असेल तर तो कुणालाही तिथे आणून बसवेल. विंडोजच्या खुद्द स्वतःच्या फोल्डरातही टास्क्ससारखे काही कोपरे आहेत जिथे साध्या माणसाला लिहिता येतं. हे सांगताना तो दाराकडे बघतो आणि आवाज उतरवतो. प्रशिक्षणाला बसलेल्या पोरांनी इतका वेळ काहीही लिहून घेतलेलं नसतं. एवढं मात्र लिहून घेतात.

नियम लिहिले की ते तपासायचे, आणि त्याचा दिवस दुसरा शनिवार. मी एकदा ताळेबंदाच्या कामानं त्या दिवशी बँकेत होतो म्हणून हा सोहळा मला पाहायला मिळाला. खोलीत दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. डावीकडे तो ईडीपीवाला. उजवीकडे ‘टेस्टक्लार्क’ या नावानं लॉगिन केलेला दुसरा कॉम्प्युटर, साधा, कसलेही हक्क नसलेला. उजवीकडच्या खुर्चीत बसला की माणूसच बदलायचा. पाठीला पोक यायचा, चष्मा नाकावर उतरायचा, दोन्ही हातांनी टाइप करणारा हा गृहस्थ एका बोटानं बटणं शोधू लागायचा. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यातला एक गेम त्यानं डेस्कटॉपवर टाकला, इकडेतिकडे चोरटी नजर टाकली (खोलीत मी आणि सर्व्हर, दोघंच होतो) आणि त्या गेमचं नाव बदलून ‘व्याजतक्ता’ केलं. डबल क्लिक. चौकट आली, हा प्रोग्राम तुमच्या सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरनं अडवला आहे.

‘काय वैताग आहे या ईडीपीचा!’ तो मनापासून ओरडला. मग उठून डावीकडच्या खुर्चीत गेला, चष्मा वर केला, इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, ८००४ क्रमांकाची लाल नोंद पाहिली आणि शांतपणे म्हणाला, ‘बरोबर आहे.’

असं दुपारभर चाललं होतं. प्रत्येक बदलानंतर उजवीकडे जाऊन काळ्या खिडकीत ‘जीपीअपडेट स्लॅश फोर्स’ टाइप करायचं, कारण दीड तास थांबायची पाळी त्याच्यावर स्वतःवर आली की त्याला ती सहन होत नाही. मध्येच एकदा टेस्टक्लार्कला सगळंच चालू लागलं, गेमसुद्धा. नियम जागेवर होते, पण ते वाचून दाखवणारी ॲप्लिकेशन आयडेंटिटी नावाची सेवा त्या कॉम्प्युटरवर बंद पडली होती. ती झोपली की ॲपलॉकरचे नियम नुसते कागदावर. ती उठवली तर पुढच्याच फेरीत उलटं. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स ही दोन फोल्डरं चालू ठेवणारे मूळ नियम त्यानं झाडताना उडवले होते. एक नियम लिहिला की बाकी सगळं आपोआप बंद हा तर ॲपलॉकरचा बाणा. टेस्टक्लार्कनं लॉगिन केलं, आणि समोर नुसता काळा पडदा. त्या वेळी कोणत्या खुर्चीत बसून शिव्या द्याव्यात हे त्याला पटकन ठरवता आलं नाही.

पण खरी चाचणी शनिवारची नाही. खरी चाचणी सोमवारपासून महिनाभर चालते. तेव्हा नियम लागू केलेले असतात पण अडवत कुणालाच नाहीत. ‘अडवलं असतं’ एवढीच नोंद होते, क्रमांक ८००३, पिवळी. सगळ्या शाखांच्या पिवळ्या नोंदी रोज सकाळी त्याच्याकडे गोळा होतात. त्या वाचून आमची बँक प्रत्यक्षात कशी चालते हे जितकं त्याला कळलं, तितकं ते संचालक मंडळाला कधी कळलेलं नाही आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणी अधिकाऱ्यांनाही नाही. कोणत्या शाखेत साडेतीननंतर पत्ते रंगतात ते त्याला माहीत. कोणते साहेब डाउनलोड्स फोल्डरातून शेअर बाजाराचं काय चालवतात ते माहीत. वसुली विभागातल्या एका कॉम्प्युटरवर दर मंगळवारी कुंडलीचा प्रोग्राम चालायचा. चौकशी न करताच त्याला उमगलं की थकबाकीदाराला नोटीस पाठवण्याआधी वसुली अधिकारी त्याचे ग्रह पाहून घेतात. वसुलीचे आकडे त्या खात्याचे खरोखर बरे आहेत, ही गोष्ट वेगळी.

आणि यातलं एक अक्षर तो कुणापाशी बोलत नाही. (मला हे ठाऊक आहे ते जिन्यात बसून चहा पिता पिता जेवढं सुटलं तेवढंच, आणि कोणते साहेब ते त्यानं मलाही सांगितलेलं नाही.) वसुली अधिकाऱ्यांना त्यानं एक फोन केला. ‘साहेब, एक तारखेपासून ते नाही चालणार. तेवढं कागदावर काढून घ्या.’ साहेबांनी ‘कोणतं?’ असंही विचारलं नाही. त्याच आठवड्यात वसुली विभागातून कागदाच्या दोन जादा रिमांची मागणी आली आणि ती त्याच्या शेऱ्यानं लगेच मंजूर झाली.

एक मोठं भगदाड मात्र त्याला बुजवता आलं नाही. एक्सेल. एक्सेलला परवानगी द्यावीच लागते, आणि एक्सेलच्या आत चालणाऱ्या मॅक्रोंवर ॲपलॉकरचा हुकूम चालत नाही. आमच्या बँकेत कर्ज नव्वद दिवस थकलं की ते एनपीए म्हणून वेगळं काढायचं काम एक मॅक्रो करतो. तो लिहिणारे अधिकारी निवृत्त होऊन गावी हळद पिकवतात. मॅक्रो कसा चालतो ते कुणालाच ठाऊक नाही. आतल्या सगळ्या ओळींत मराठीत एकच सूचना आहे, ‘हे काढू नये’. ईडीपीवाल्यानं ती फाइल एकदा उघडली, वाचली, हात जोडले आणि बंद केली.

लॉकर विभागाची गोष्ट मात्र त्याच्या जिव्हारी लागली. तिथला प्रोग्राम जुना, लॉकर उघडायला आलेल्या ग्राहकाला अनुक्रमांक देणारा. शेवटचा अनुक्रमांक तो आपल्याच फोल्डरातल्या एका फाइलीत लिहून ठेवायचा. ॲडमिन हक्क काढल्यावर हे फोल्डर त्याला बंद झालं. ईडीपीवाल्यानं शनिवारी टेस्टक्लार्क म्हणून बसून तपासलं, दहा ग्राहक आणले, दहा अनुक्रमांक बिनचूक. सोमवारी बारा वाजता लॉकर विभागात दोन ग्राहक एकच नंबर हातात घेऊन एकमेकांशी भांडत होते.

झालं होतं असं. असा जुना प्रोग्राम मनाई असलेल्या जागी लिहायला गेला की विंडोज त्याला ‘नाही’ म्हणत नाही. ‘लिहिलं’ असं सांगतं, आणि गुपचूप त्या त्या माणसाच्या नावाच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वेगळी प्रत ठेवतं. जुन्या प्रोग्रामचं मन राखायला व्हिस्टापासून केलेली ही सोय. त्यामुळे सकाळच्या क्लार्कचा अनुक्रमांक वेगळा आणि दुपारच्याचा वेगळा, दोघेही आपापल्या जागी बरोबर. टेस्टक्लार्क बिचारा एकटा. त्याचं कुणाशी जुळवायचा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअरवाल्याच्या पोरानं फोनवर उपाय सांगितला, ‘सर, ॲडमिन देऊन टाका ना.’ ईडीपीवाल्यानं फोन ठेवला आणि त्यानंतर दोन दिवस तो जेवला की नाही कुणास ठाऊक. शेवटी त्यानं ती एकच फाइल तेवढी सगळ्यांना लिहिता येईल अशी केली. अख्खं फोल्डर मोकळं केलं असतं तर पत्त्याचा नियम पोकळ झाला असता. आता त्याच्याकडे टेस्टक्लार्क दोन आहेत. दुसऱ्या शनिवारी ते एकमेकांच्या पाठोपाठ लॉकर उघडायला येतात, आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही असं मला वाटतं.

या प्रकरणानंतर त्यानं चाचणीसाठी खरा माणूस नेमायचं ठरवलं. चाचणीसाठी कुणी समजूतदार निवडतं. यानं ठेव विभागातल्या मॅडमना निवडलं. मॅडम म्हणजे साक्षात तक्रार. पंखा, ग्राहक, डबा, वेतनवाढ, कशाबद्दलही त्यांचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही. नवा नियम आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर जातो. अकरा वाजेपर्यंत त्यांचा फोन येतो. ‘अहो, तुमच्या त्या पॉलिसीनं माझा फॉन्ट गेला.’ फॉन्ट गेलेला नसतो, पण वार्षिक अहवालासाठी लागणारं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अडलेलं असतं. ही गोष्ट ऑगस्टमध्ये कळली म्हणून बरं. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेच्या तोंडावर कळली असती तर चेअरमनांचं मनोगत चौकोनांत छापलं गेलं असतं. दुपारी बारापर्यंत मॅडमचा फोन नाही आला तर तो अस्वस्थ होतो आणि स्वतःच फोन करतो. ‘मॅडम, सगळं ठीक ना?’ ‘ठीक कसलं,’ म्हणून त्या सुरू होतात, आणि तो सुखावून वहीत लिहू लागतो.

मॅडमचं महत्त्व कळायला त्याला उशीर लागला, त्याला कारण आहे. एमआयटीतल्या सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ मध्ये कॉम्प्युटरातल्या माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला, आणि तो याचा गुरुग्रंथ. प्रत्येकाला कामापुरतेच हक्क द्यावेत हे तत्त्व त्यातलंच. एकंदर आठ तत्त्वं. त्यांची चिठ्ठी त्यानं मॉनिटरला चिकटवली आहे. पण चिठ्ठीवर मी मोजली तेव्हा सातच भरली. आठवं असं आहे की राखणदारी माणसाला सोसवेल अशी असावी, नाहीतर माणूस तिला वळसा घालतो. ‘जागा पुरली नाही,’ असं तो म्हणाला.

तत्त्व चिठ्ठीवर नसलं तरी फोनवर रोज भेटतं. प्रत्येक कॉम्प्युटरला एक घरचा ॲडमिन असतो. त्याचा पासवर्ड पूर्वी सगळीकडे एकच होता आणि तो शाखेशेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ होता. आता लॅप्स नावाच्या व्यवस्थेनं प्रत्येक कॉम्प्युटरचा वेगळा, चौदा अक्षरांचा, कशाशी काही संबंध नसलेला पासवर्ड तयार होतो आणि महिन्यानं आपोआप बदलतो. लाइन बंद पडली, दुरून काही करता येईना, की तो शाखेला तोंडी सांगावा लागतो. जत शाखेला सांगताना मी ऐकलं आहे.

‘लिहून घ्या. कॅपिटल क्यू.’

‘क्यू म्हणजे रांगेतला?’

‘हो. मग सात आकडा. मग स्मॉल एल.’

‘एक.’

‘एल. लातूरचा.’

‘लातूरचा एल. पुढं?’

‘डॉलर.’

‘डॉलर... साहेब, रुपया चालेल का?’

चौदा अक्षरं संपायला पाऊण तास लागला. पासवर्ड चुकला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकला. पडद्यावर नुसते ठिपके उमटत असल्यानं काय टाइप होतंय ते जतला दिसत नव्हतं आणि सांगलीला तर मुळीच नाही. शेवटी ईडीपीवाल्यानं विचारलं, ‘खाली कोपऱ्यात कीबोर्ड इंग्रजी आहे की मराठी?’

‘मराठी. साहेब, आपलंच परिपत्रक आहे ना, मराठीतून काम करायचं?’

काम झालं, आणि फोन ठेवायच्या आत त्यानं तो पासवर्ड बदलूनही टाकला. जतच्या क्लार्कनं मात्र तो पासवर्ड लॅमिनेट करून मॉनिटरला लावलाय. इतक्या कष्टानं मिळालेली गोष्ट कोण टाकेल?

चेअरमनांपर्यंत हे लोण पोचायला ठरावानंतर बराच काळ गेला. नातीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ जोडायचं काहीतरी टाकायला गेले तर पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट. ईडीपीवाल्याला वर बोलावणं आलं.

‘मी या बँकेचा चेअरमन आहे.’

‘हो, साहेब.’

‘आणि माझ्याच कॉम्प्युटरवर मला परवानगी नाही?’

‘साहेब, माझ्या कॉम्प्युटरवर मलाही नाही.’

हे खरं आहे. रोजच्या कामाला तोही साध्या क्लार्कासारखाच लॉगिन करतो. ॲडमिनचं खातं वेगळं, लागेल तेव्हाच उघडायचं, त्यावरून मेल बघायची नाही की इंटरनेटवर जायचं नाही. चेअरमनांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. ‘मग परवानगी आहे तरी कुणाला?’ ‘तशी कायमची कुणालाच नाही, साहेब. लागेल तेव्हा, लागेल तेवढीच.’ साखर कारखाना, सोसायटी आणि बँक अशा तीन ठिकाणी वर्षानुवर्षं अध्यक्ष असलेल्या त्या माणसाला हा विचार इतका नवा होता की ते रागवायचंच विसरले. व्हिडिओ त्यांनी सुनेच्या मोबाइलवर करून घेतला.

तरीही अपवाद होतातच, आणि अपवादांची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, लेजरासारखी, हातानं लिहिलेली. ही नेटवर्कवर ठेवायची नाही असा त्याचा दंडक. शाखा, कॉम्प्युटर, प्रोग्राम, कारण, कुणाच्या सांगण्यावरून, आणि शेवटचा रकाना ‘कधीपर्यंत’. कारणांचा रकाना वाचण्यासारखा आहे. ‘मोठ्या साहेबांचे पाहुणे’ इथपासून ‘निविदेची डिजिटल सही चालत नाही, मुदत आज पाच’ इथपर्यंत. ‘कधीपर्यंत’च्या रकान्यात मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द आहे, निरनिराळ्या अक्षरांत, ‘तात्पुरतं’.

मध्यंतरी सिस्टीम ऑडिटर आले. ॲपलॉकर कडकपणे लावावं, एकही अपवाद ठेवू नये, असं मागच्या वर्षीच्या अहवालात जाड ठशात लिहिणारे हेच ते गृहस्थ. सकाळी त्यांनी वही चाळून प्रत्येक ‘तात्पुरतं’वर तांबड्या पेनानं खूण केली. दुपारी आपला तपासणीचा प्रोग्राम असलेला पेनड्राइव्ह मुख्य कार्यालयातल्या कॉम्प्युटरला लावला. प्रोग्राम चालला नाही. ईडीपीवाला मागे उभा होता. चौकट आलेली पाहून त्याचा चेहरा असा उजळला की पगारवाढीच्या पत्रानंही उजळला नव्हता.

‘अहो, हे काय?’ ऑडिटर म्हणाले. ‘हे चालल्याशिवाय ऑडिट होणार कसं? जरा उघडून द्या.’

ईडीपीवाल्यानं वही त्यांच्यापुढे केली आणि पेनही दिलं. त्यांनी शाखा लिहिली, कॉम्प्युटर लिहिला, कारण लिहिलं, ‘कुणाच्या सांगण्यावरून’मध्ये स्वतःचं नाव लिहिलं. शेवटच्या रकान्याशी त्यांचा हात थांबला. सकाळचं तांबडं पेन अजून खिशाला होतं.

‘कधीपर्यंत लिहू?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्हाला वाटेल ते लिहा, साहेब,’ ईडीपीवाला म्हणाला. ‘वरच्या सगळ्यांनी लिहिलंय तेही चालेल.’